कळंब रोडचे स्टेशन आणि आपले गाव

श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम पूर्णत्वास जाऊन कलशारोहणाचा सोहळा होत आहे, ही आपणा सर्व ग्रामस्थांच्या दृष्टीने अत्यंत आनंदाची गोष्ट होय. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर चार पाने लिहून द्यावीत, अशी समितीच्या मंडळींनी मला आज्ञा केली. मी पडलो तहसील कचेरीतला कारकून. शिक्षण एस. एस. सी. पर्यंतचे. रोजचे लिहिणे म्हणजे 'वरील विषयास अनुसरून' आणि 'माहितीस्तव सविनय सादर'. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मंदिराच्या स्मरणिकेत रेल्वेचा विषय कोठून आला, असे कोणी विचारील. आपल्या गावाला रेल्वे नाही, कधी नव्हतीही. पण जुन्या मंदिराच्या पायऱ्यांजवळच्या लिंबाला लोखंडाचा एक तुकडा टांगलेला असे, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. काकड्याला, हरिपाठाला, आग लागली तर, ग्रामसभेला, सगळ्याला तोच ठोकला जाई. लहानपणी आम्हाला तो घंटाच वाटे. तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. जीर्णोद्धारात नवी पितळी घंटा आली आणि तो तुकडा भंगारात घालण्याचे ठरले. त्या तुकड्यामुळेच मी या विषयाकडे वळलो.

तो रूळ बारशी लाईट रेल्वेचा. आपल्या केज तालुक्याच्या दक्षिणेकडील गावांना मांजरा ओलांडली की कळंब, आणि कळंबच्या पुढे या रेल्वेचे स्टेशन. स्टेशनाचे नावच कळंब रोड. या 'रोड' शब्दाची एक गंमत आहे. ज्या स्टेशनाच्या नावाला रोड जोडलेला असेल तेथे ते गाव नाही, असे खुशाल समजावे. औसा रोडला औसा नाही. लातूर रोडहून लातूर तीस-बत्तीस किलोमीटर. कुर्डुवाडीला पूर्वी बारशी रोड म्हणत, तेथून बारशी एकवीस मैल. बीडच्या नशिबी तर 'बीड रोड'सुद्धा आले नाही.

त्या एकवीस मैलांतूनच या रेल्वेचा जन्म झाला. मुंबई-सोलापूरची मोठी रेल्वे १८६० च्या सुमारास कुर्डुवाडीवरून गेली आणि बारशी बाजूला राहिली. बारशी म्हणजे कापूस, भुसार आणि गळिताची मोठी पेठ. बालाघाटावरचा, म्हणजे आपल्या बीड-उस्मानाबादकडचा माल तेथे उतरत असे. तो सारा माल बैलगाड्यांनी कुर्डुवाडीला न्यावा लागे. पावसाळ्यात काळ्या रानातून भरलेली गाडी नेणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराच्या नजरेत ही पेठ भरली. तो पूर्वी जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होता. त्याने १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी केली आणि मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बारशी गाडी सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट. मोठ्या लाईनचे साडेपाच फूट असते, म्हणजे निम्म्याहून कमी. 'लाईट' हा शब्द पुष्कळांना दिव्याशी संबंधित वाटतो. माझ्या एका शिक्षकांनी तर गाडीत दिवे होते म्हणून बारशी लाईट, असे सांगितले होते. ते खरे नव्हे. लाईट म्हणजे हलकी. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, असा कॅलथ्रॉपचा हिशेब होता. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की रूळ हलका चालतो, पूल-मोऱ्या हलक्या चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. डबे व वाघिणी हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी त्याने इंग्लंडात लीड्सजवळ चाचणीची लाईन घालून लोकांना चालवून दाखवल्या. बारशीची ही लाईन पुढे जगभरच्या अरुंद रेल्वेबांधणीत नमुना म्हणून नावाजली गेली. या गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्याच्या छत्र्याही तयार केल्या. बारशीच्या कापसाशी त्याचा काही संबंध नाही, पण मला नवल वाटले म्हणून येथे नमूद केले.

१९०६ साली ही गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेली. दुसऱ्या बाजूने १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत रूळ पडले. १९२७ साली पंढरपूर-मिरज जोडले गेले, तेव्हा मिरज ते लातूर अशी सव्वातीनशे किलोमीटरची सलग अरुंद लाईन झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की कळंब रोडला बसलेला माणूस गेज न बदलता थेट विठ्ठलाच्या पायरीपर्यंत जाऊ लागला.

माझी आजी सांगे, की तिच्या सासूपर्यंतच्या पिढीने पायीच वारी केली. पुढे ज्यांचे पाय थकले ते गाडीने जाऊ लागले. गावातून संध्याकाळी बैलगाड्या सुटत. मांजरेला पाणी असले की पलीकडच्या काठी मुक्काम. स्टेशनावर पोचले की गाडी केव्हा येईल हे स्टेशनमास्तरलासुद्धा ठाऊक नसे. मंडळी फलाटावरच चुली मांडत. आषाढीला डबे पुरत नसत, मग मालाच्या वाघिणींत माणसे भरत. उरलेली टपावर. कोळशाची कणी डोळ्यांत जाऊन आजीचा एक डोळा पंढरपूर येईपर्यंत लाल झालेला असे. ती म्हणायची, "इठूचं तोंड म्या एकाच डोळ्यानं बगितलंय बाबा, पर बगितलंय."

गाडीच्या चालीविषयीच्या गोष्टी तर अजूनही पारावर निघतात. पांगरी सोडली की येडशीकडे बालाघाटाचा चढ लागे. चढाला गाडी इतकी दमे, की पुढच्या डब्यातला माणूस उतरून रानात जाऊन शेवटचा डबा धरीत असे, असे सांगतात. यातले खरे किती आणि मागाहून लावलेले किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पांगरी आणि येडशी ही दोन नावे मी मुद्दाम घेतली.  निजामाच्या काळात त्यांच्यामध्ये एक सरहद्द होती. बारशी तालुका इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, आणि येडशीपासून पुढे सगळा निजामाचा मुलूख. आपला बीड जिल्हाही त्यातच. हद्द ओलांडली की पैसा बदले. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली शिक्का. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. मालावर करोडगिरी द्यावी लागे. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. नव्या लुगड्याची घडी मोडून बायका ते अंगावर नेसूनच बारशीहून परत येत, म्हणजे नाक्यावर कोणी विचारावयास नको. आमच्या कचेरीत जुन्या कपाटातून त्या काळचे उर्दू कागद कधीतरी निघतात. मला त्यातले एक अक्षर वाचता येत नाही, पण शिक्का पाहिला की आजीची ही लुगड्याची गोष्ट आठवते.

ही सरहद्द गंमतीची राहिली नाही, ती १९४७ नंतर. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, आपण मात्र निजामाच्या राज्यातच राहिलो. रझाकारांचा जाच वाढला तशी आपल्या भागातली कित्येक कुटुंबे घरदार सोडून बारशीकडे गेली. बारशीत, सोलापुरात, पंढरपुरात मराठवाड्यातली माणसे मिळेल त्या आसऱ्याला राहिली. आमचे घरही त्यांतलेच. आजी सांगे, की तेव्हा गाडीचा भरवसा कोणी धरला नाही. स्टेशनावर कोण उभा असेल याचा नेम नव्हता. ती मंडळी रात्रीची आडवाटेने गेली, काही पायी, काही बैलगाडीतून, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा काढून. आमच्या मोठ्या आत्याचे वय तेव्हा दीड वर्षाचे. ती रडू नये म्हणून तिला अफूची बारीक गोळी दिली होती. ती वाचली. त्याच वाटेवरच्या एका घरचे लेकरू मात्र दिलेल्या गोळीने उठलेच नाही, असे आजी सांगे. ते कोणाचे, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. दिवाळीच्या आत आमची मंडळी परत आली, ती मात्र गाडीने. बारशीला बसले, पांगरीच्या पुढे कोणी काही विचारले नाही, आणि कळंब रोडला उतरले. आजा म्हणायचा, त्या दिवशी स्टेशनावर उतरलेली निम्मी माणसे प्लॅटफॉर्मवरची माती कपाळाला लावीत होती.

१ जानेवारी १९५४ पासून ही रेल्वे कंपनीकडून सरकारने घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. आपल्या तुकड्याची हकीकत त्यानंतरच्या वर्षांतली आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक माणूस या लाईनवर गँगमन म्हणून लागला होता. त्याचे नाव मी त्याच्या नातवाच्या सांगण्यावरून येथे देत नाही. गँगमनचे काम म्हणजे उन्हातान्हात खडी भरणे, रूळ तपासणे, चाव्या ठोकणे. पण पगार महिन्याच्या महिन्याला आणि रोख. गावात तेव्हा रोख पगाराचे दुसरे घर नव्हते. कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली, तिला हा माणूस पोरवयात बापाच्या खांद्यावर बसून गेला होता. वतनाच्या भाकरीपेक्षा नोकरीची भाकर बरी, हे तेथे ऐकले, असे तो म्हणे.

रेल्वेने नाकारलेले लोखंड लिलावात निघे. त्यातला एक तुकडा त्याने विकत घेतला, कळंबपर्यंत गाडीवर आणि पुढे डोक्यावर आणला, आणि विठ्ठलाच्या देवळाला घंटा म्हणून दिला. देवळात तेव्हा घंटा नव्हती. पंचांनी तुकडा घेतला. पण तो सभामंडपात टांगला नाही. बाहेर लिंबाला टांगला. का, हे आता कोणी उघड सांगत नाही; पण देणाऱ्याला पायऱ्या चढता येत नव्हत्या, एवढे सांगितले की पुरे. काकड्याची वेळ त्याच्या लोखंडावर होई आणि तो स्वतः लिंबाच्या अलीकडे उभा राहून हात जोडी. हा मजकूर स्मरणिकेत घालू नये, असे समितीतल्या एका-दोघांनी मला सुचवले. मी त्यांच्या वयाचा मान ठेवतो. परंतु इतिहास लिहा म्हणून आज्ञा झाली, तेव्हा एवढे गाळून बाकीचे लिहिणे माझ्याने होईना.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. एस. टी. आली, रस्ते झाले, आणि बारशी लाईटचा उतारू कमी होत गेला. १९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर होते. बाहेरून आलेली लाल ज्वारी खाऊन ते दिवस काढले. मी स्वतः या गाडीत एकदाच बसलो, मामाबरोबर, सात-आठ वर्षांचा असताना. आठवते ते एवढेच, की डबा आमच्या स्वयंपाकघराएवढा होता, समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते, आणि भुईमुगाच्या शेंगांची टरफले पायाखाली वाजत होती. मामा सारखा म्हणत होता, "घाई कशाला करायलास, गाडीच घाई करीना."

मग गेज बदलण्याचे ठरले. छोटी गाडी बंद झाली, रूळ उचलले गेले. ब्रॉडगेजची गाडी २००७ साली लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ साली उस्मानाबाद ते कुर्डुवाडी सुरू झाली. जुनी लाईन उस्मानाबाद शहराला, म्हणजे आताच्या धाराशिवला, शिवत नव्हती. नवी लाईन तिकडे वळवली, त्यामुळे येडशीच्या पुढचा जुना रस्ता तसाच मागे राहिला. लातुरातही जुने स्टेशन गावात होते, नवे बाहेर गेले. तेथे 'जुनी रेल्वे लाईन' हे आता एका रस्त्याचे नाव आहे. त्यावरून मोटारी धावतात, रूळ मात्र कोणाला दिसणार नाही.

दोन वर्षांपूर्वी कचेरीच्या कामाने धाराशिवला गेलो असता परतताना मी मुद्दाम येडशीकडून आलो. जुन्या लाईनचा भराव काही ठिकाणी अजून ओळखू येतो. त्याच्यावर बाभळी वाढल्या आहेत. एका शेतकऱ्याने भराव फोडून बांध घातला आहे, दुसऱ्याने त्यावर कडबा रचला आहे. घडीव दगडांची एक मोरी पाहिली. आत पाणी नव्हते, शेळ्या बसल्या होत्या. दगडांचे सांधे इतके नेमके, की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. आपल्या नव्या सभामंडपाच्या फरशीला पहिल्याच पावसाळ्यात भेग गेली, त्याची मला तेथे आठवण झाली. (समितीने राग मानू नये.)

२०१६ च्या उन्हाळ्यात या वाटेने एक वेगळीच गाडी गेली. आपल्याच केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर धरण आहे. त्याचे पाणी लातूर शहराला जाते. ते धरण त्या वर्षी कोरडे पडले. तेव्हा मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. पहिली गाडी ११ एप्रिलला निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बारशी, लातूर, म्हणजे कॅलथ्रॉपच्या लाईनचाच मार्ग, रूळ तेवढे रुंद झालेले. अडीच फुटांच्या रुळांवर एवढे पाणी वाहून नेणे झाले नसते, हे मान्य केले पाहिजे. छोट्या गाडीची आठवण काढणारे आम्ही लोक हे सहसा बोलत नाही.

आता बीडच्या रेल्वेविषयी. निजामाच्या रेल्वेने १९३० च्या आसपास परळीपर्यंत रूळ आणले, त्यामुळे जिल्ह्याच्या एका कोपऱ्याला, परळी-घाटनांदूरच्या बाजूला, गाडी मिळाली. बीड शहर मात्र तसेच राहिले. अहमदनगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाईन १९९५ साली मंजूर झाली. मी तेव्हा शाळेत होतो. तिच्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली, प्रत्येक निवडणुकीत ती भाषणात धावली. खर्च साडेतीनशे कोटींवरून पाच हजार कोटींच्या घरात गेला. आष्टीपर्यंतची गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुटली. बीडच्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी निघाली, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीपासून तीस वर्षे. कॅलथ्रॉपची पहिली गाडी कंपनी काढल्यापासून दोन वर्षांत धावली होती. अर्थात त्याला एकवीस मैलच जायचे होते, आणि भूसंपादनाच्या फायली कशा चालतात हे मी आतून पाहिलेले असल्यामुळे अधिक लिहीत नाही. एवढेच सांगतो, की मोबदल्याच्या चौकशीला दर सोमवारी येणारे एक म्हातारे बाबा होते. पुढे त्यांच्या जागी त्यांचा मुलगा येऊ लागला. तो आला तेव्हा हातात वारसाच्या नोंदीचा अर्ज होता.

बीडला पहिली गाडी आली त्या दिवशी आपल्या गावातली पंधरा-वीस माणसे ती पाहावयास गेली होती. गँगमनचा नातू त्यांत होता. तो आता मुंबईकडे नोकरीला आहे, रजा काढून आला होता. परतताना त्याने मला विचारले, "भाऊसाहेब, आमच्या आज्याचा तुकडा कुठंय?" तेव्हा तो तुकडा भंगारवाल्याच्या दुकानात होता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच भावाने परत आणला. काट्यावर वजन बारा किलो भरले. लांबी दीड हात. आजच्या मोठ्या लाईनच्या रुळाचा एवढा तुकडा चाळीस किलोच्या आसपास भरेल, यावरून बारशी लाईट किती लाईट होती ते समजेल.

समितीच्या बैठकीत या तुकड्यावर दोन तास वाद झाला. नव्या मंदिरात जुने गंजके लोखंड शोभत नाही, असे काहींचे म्हणणे होते, व त्यांचे म्हणणे अजूनही तेच आहे. शेवटी बहुमताने ठरले, की तुकडा सभामंडपात, डाव्या हाताच्या दुसऱ्या खांबाला टांगावा. लिंब बांधकामात गेलाच आहे. कडी बसवण्याचे काम गावच्या लोहाराने पैसे न घेता केले. टांगायला नातवाला बोलावले होते. तो पायऱ्या चढून आला, कडी दोनदा ओढून पाहिली आणि हातोडी मागितली. पितळी घंटा त्याच्या शेजारीच आहे. तुकड्याचा आवाज तिच्यापेक्षा लांब जातो, मांजरेच्या काठापर्यंत ऐकू येतो, असे गुराखी सांगतात.